हाताची वही: कार्पल टनेलच्या ऑपरेशनआधी आणि नंतर

माझ्या उजव्या हाताचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दाबली गेलेली नस मोकळी करण्याचं, ऑपरेशन जानेवारीत झालं. आता एप्रिल संपत आलाय. ऑपरेशन ठरल्यापासून ते होईपर्यंत माझ्या मनात एकच विचार घोळत होता: दाबलेली नस मोकळी करताना त्या नसेलाच सुरी लागली तर? कुणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं, "किरकोळ ऑपरेशन आहे, काळजी करू नका." अशा उत्तराने काळजी जात नाही. माझी कमी झाली ती नेमकी माहिती मिळत गेली तेव्हा, आणि ऑपरेशनआधी हाताची नोंद ठेवायला एक वही केली तेव्हा. ज्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि जे रात्री हात झटकत जागे आहेत, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी शिवणकाम करते. मशीनवर बसते, पण काजं, हूक, तुरपाई, मणीकाम असं हाताचं काम माझ्याकडे जास्त येतं. म्हणजे अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीवर माझं पोट आहे. गेल्या वर्षी जूनच्या सुमारास रात्री हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. हात झटकला किंवा पलंगाखाली सोडला की बरं वाटायचं. पुढे दिवसाही सुई चिमटीतून निसटायला लागली. ती पडलेली डोळ्यांना दिसायची, बोटांना कळायचं नाही.

फॅमिली डॉक्टरांनी दोन्ही मनगटं वाकवून मिनिटभर तशीच धरायला लावली, मनगटावर टिचक्या मारून पाहिल्या, आणि करंगळी चांगली असताना बाकीची बोटं बधिर आहेत एवढ्यावरून नस मनगटात दाबली जातेय असं सांगितलं. थायरॉइड आणि साखर तपासून घेतली, कारण दोन्हींमुळे हा त्रास होऊ शकतो. माझं दोन्ही ठीक निघालं. मग रात्री स्प्लिंट, म्हणजे मनगटाला बांधायचा आधार. तो घेताना एक बघा: मनगट सरळ ठेवणारा हवा, वर उचलून धरणारा नको. मनगट कुठल्याही बाजूला वाकलं की आतला दाब वाढतो. स्प्लिंटने झोप सुधारली, बधिरपणा तसाच राहिला.

ऑगस्टमध्ये मनगटात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं. सुई टोचण्याआधी डॉक्टर म्हणाले, "बोटांत करंट गेल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, मी थांबेन." सुई थेट नसेत गेली तर तिथेही इजा होऊ शकते, हे तेव्हा कळलं. करंट काही आला नाही. काही आठवडे छान गेले आणि त्रास परत आला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एनसीव्ही केली. या तपासणीची बऱ्याच जणांना धास्ती असते. त्वचेवर छोटे शॉक देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. हात आपोआप उडतो, पण सहन होण्यासारखं असतं. त्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल गादीत बारीक सुई घालून स्नायूची तपासणी केली, तिला ईएमजी म्हणतात. ती मात्र दुखली. जाताना हात गरम ठेवा आणि तेल, क्रीम काही लावू नका. थंड हातात संदेश हळू जातो आणि आकडे उगाच वाईट दिसतात. माझ्या रिपोर्टात मनगटापासून अंगठ्याच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला ६.८ मिलिसेकंद लागत होते. त्या लॅबची मर्यादा ४.२ होती. मधल्या बोटाकडून येणारा संदेश जेमतेम नोंदला गेला होता. खाली शेरा होता: तीव्र.

त्याच दिवसांत ओळखीतल्या एका ताईंची गोष्ट कानावर आली. आदल्या वर्षी त्यांचं हेच ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतर त्यांचा अंगठा करंगळीपर्यंत पोहोचत नव्हता. मी मुद्दाम त्यांना भेटायला गेले. हात बघितला. अंगठ्याखालची गादी बसून गेलेली, तिथे खळगा पडलेला. त्या म्हणाल्या, "ऑपरेशनमध्ये नस गेली." मी विचारलं, आधी अंगठा नीट चालत होता का? त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. "आधीही भाजी चिरताना जोर नव्हता," म्हणाल्या, "पण किती नव्हता, ते कुणी बघितलंच नाही." त्यांच्या कुठल्याच कागदावर ऑपरेशनआधीच्या अंगठ्याबद्दल एक ओळ नव्हती. आजाराने गेलं की सुरीने गेलं, हे आता कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं. पुढचे उपचार या उत्तरावर ठरणार होते आणि उत्तर कागदावर कुठेच नव्हतं. घरी येताना मला वाईट वाटत होतंच, पण आपण काय करायचं तेही समजलं होतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हाताच्या सर्जनची वेळ मिळाली. हाडांचे सर्जन, प्लास्टिक सर्जन, न्यूरोसर्जन असे तिघेही हे ऑपरेशन करतात. माझ्या मते पदवीपेक्षा, त्या व्यक्तीच्या रोजच्या कामात हाताची किती ऑपरेशनं असतात ते महत्त्वाचं आहे, आणि ते सरळ विचारावं. मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. पहिला प्रश्न हाच होता की नसेला इजा होऊ शकते का, आणि झालीच तर नेमकी कुठल्या नसेला.

डॉक्टर मॅडमनी पेन घेतलं आणि माझ्याच तळहातावर रेघा काढल्या. मनगटाच्या लहान हाडांची तळाशी एक कमान असते आणि तिच्यावर एक जाड पट्टा ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (स्नायूंच्या दोऱ्या) जातात आणि त्यांच्यासोबत मिडियन नर्व्ह, तीच ही दाबली जाणारी नस. ऑपरेशन म्हणजे तो वरचा पट्टा पूर्ण कापायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. नस पट्ट्याच्या लगेच खाली असते. ती मूळ नसच कापली जाणं फार दुर्मीळ, पण पट्टा आतून चिकटलेला असेल तर सांभाळावं लागतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अंगठ्याच्या गादीकडे वळणारी एक छोटी रेघ काढली. ही अंगठ्याच्या स्नायूंना हुकूम देणारी शाखा. बहुतेक लोकांत ती पट्टा संपल्यावर बाहेर पडून मागे वळते. काहींत पट्ट्याखालीच फुटते. काहींत तर पट्ट्याला भोक पाडून, त्याच्यातूनच आरपार येते. माझ्या हातात कशी आहे ते बाहेरून सांगता येत नाही. म्हणून सर्जन पट्टा अंगठ्याच्या बाजूने न कापता करंगळीकडच्या बाजूने, डोळ्यांनी बघत कापतात. पण करंगळीकडेही मनाला येईल तेवढं सरकता येत नाही, कारण तिथे दुसरी नस, अल्नर, आपल्या वेगळ्या वाटेने जात असते आणि शेजारी रक्तवाहिनी असते. तळहाताच्या मध्याकडे गेलं की अनामिका आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात जाणाऱ्या बारीक शाखा, वर दोन नसांना जोडणारा एक धागा. मधली सुरक्षित वाट अरुंद आहे, आणि ती अनामिकेच्या सरळ रेषेत आहे.

शेवटची रेघ मनगटाच्या जरा वरून निघून तळहाताच्या बुडापर्यंत आली. ही तळहाताच्या कातडीला जाण देणारी शाखा. ती बोगद्यात शिरण्याआधीच मूळ नसेपासून फुटते आणि पट्ट्याच्या वरून जाते. म्हणूनच या आजारात बोटं बधिर होतात तरी तळहाताचं बूड चांगलं राहतं. आणि म्हणूनच ऑपरेशनमध्ये, म्हणजे नुसती कातडी कापतानासुद्धा, हिला धोका असतो. या शाखेबद्दल मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे तिचंच नाव माझ्या वहीत पुन्हा आलं.

आकडे विचारले. मॅडम म्हणाल्या, कायमची इजा शंभरात एकाहूनही कमी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नस, रक्तवाहिनी किंवा टेंडनला प्रत्यक्ष इजा होण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनमध्ये ०.४९ टक्के आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ०.१९ टक्के निघालं होतं. मात्र नस तात्पुरती रुसण्याचे प्रकार दुर्बिणीत जास्त होते. मी धीर करून विचारलं, "तुमच्या हातून झालंय का कधी?" त्या अजिबात चिडल्या नाहीत. झालंय म्हणाल्या, ते कसं लक्षात आलं आणि नंतर काय केलं तेही सांगितलं. या प्रश्नाला मोकळं उत्तर मिळालं म्हणून मी त्यांच्याकडे ऑपरेशन करायचं ठरवलं. तुम्हीही हा प्रश्न विचारा. विचारण्यात काही उद्धटपणा नाही.

इजा म्हणजे दरवेळी नस तुटणं नव्हे, हेही तिथेच कळलं. १९४३ साली सेडन नावाच्या सर्जनने नसेच्या इजेचे तीन प्रकार मांडले, ते आजही वापरतात. पहिल्यात नस अखंड असते, फक्त ताण किंवा सूज आल्याने संदेश थांबतो. हे काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत सुटतं. दुसऱ्यात वरचं आवरण शाबूत पण आतले तंतू तुटलेले. ते पुन्हा वाढतात, साधारण दिवसाला एक मिलिमीटर. तिसऱ्यात नस पूर्ण तुटलेली; ती शिवून जोडावी लागते, आणि टेबलावर असतानाच लक्षात आलं तर तिथेच जोडणं सगळ्यात चांगलं. ऑपरेशननंतरही त्रास राहतो तेव्हा बहुतेक वेळा नस कापलेली नसते, पट्टा पूर्ण कापला गेलेला नसतो. हे ऐकून मला आश्चर्य वाटलं. फार जपून थोडंच कापणाराही रुग्णाचं भलं करत नाही.

आणि ऑपरेशन नाहीच केलं तर? ईएमजीत माझ्या अंगठ्याच्या स्नायूची नस कमकुवत व्हायला लागल्याच्या खुणा होत्या. तो स्नायू एकदा सुकला की नंतर नस मोकळी करूनही पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणजे थांबण्यातही नसेला इजा होतच होती, फक्त हळू आणि खात्रीने. हे समजल्यावर माझं मन ठाम झालं.

दुर्बीण की उघडं, यावर मी बराच विचार केला. दुर्बिणीत कापा छोटा, कामावर लवकर परतता येतं, पण वापरून टाकायच्या उपकरणांमुळे खर्च वाढतो. काही महिन्यांनी दोन्हींचा निकाल सारखाच असतो. मी उघडं निवडलं, कारण मला पट्टा आणि त्यातून येऊ शकणारी ती शाखा थेट डोळ्यांनी बघितली जायला हवी होती. दुर्बिणीत रोजचा हात असलेले सर्जन याच्या उलट सल्ला देतील आणि त्यांच्या हातात तोच योग्य असेल. सर्जनला ज्याची सवय आहे ते करून घ्यावं, एवढं मात्र मला पटलं.

भूल फक्त हातापुरती आणि दंडाला पट्टा न आवळता द्यायची ठरली. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात ॲड्रिनालिन मिसळून टोचतात, त्यामुळे रक्त कमी येतं आणि पट्ट्याची गरज राहत नाही. माणूस पूर्ण जागा असतो. यात भूलतज्ज्ञाची फी आणि पूर्ण भुलीसाठी लागणाऱ्या बऱ्याच तपासण्या वाचतात, म्हणून खर्चाचा अंदाज मागताना कुठली भूल धरली आहे ते आधी विचारा. अंदाजात काय काय आलंय तेही लिहून घ्या: सर्जनची फी, थिएटर, औषधं, नंतरची ड्रेसिंग, टाके काढणं. फिजिओथेरपी सहसा वेगळी असते.

नोव्हेंबरअखेर विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचे कागद गेले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रश्न विचारणारं पत्र आलं. ऑपरेशनआधी दुसरे कोणते उपचार झाले त्याचा पुरावा, एनसीव्हीचा मूळ रिपोर्ट, आणि कुठला हात ते स्पष्ट करा. एका कागदावर नुसतंच "कार्पल टनेल" लिहिलेलं होतं, उजवा की डावा नव्हतं. प्रत्येक कागदावर हाताची बाजू आहे का ते देण्याआधीच तपासा. स्प्लिंटची पावती आणि इंजेक्शनच्या दिवसाची चिठ्ठी मी जपून ठेवली होती, ती इथे कामाला आली. त्याच दिवशी घरी जायचं ऑपरेशन पॉलिसीत बसतं का, या आजाराला प्रतीक्षाकाळ आहे का, हे फोनवर न विचारता ईमेलने विचारलं तर उत्तर लेखी राहतं. मंजुरी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली आणि तारीख मिळाली १६ जानेवारी.

मधल्या दिवसांत मी वही केली. त्या ताईंच्या हातावर जी ओळ कुणी लिहिली नव्हती, ती मला माझ्या हातावर लिहायची होती. पहिल्या पानावर दोन्ही तळहातांची बाह्यरेखा काढली आणि कुठे बधिर, कुठे मुंग्या, कुठे चांगलं हे वेगवेगळ्या रंगांत भरलं. कापसाने आणि टाचणीच्या बोथट टोकाने हलकेच तपासत गेले. तळहाताचं बूड पूर्ण चांगलं, असं लिहिलं. अनामिकेची अर्धी बाजू बधिर, करंगळीकडची अर्धी चांगली. मुलीने फोटो काढले: हात उताणा ठेवून अंगठा सरळ छताकडे उचललेला, अंगठा करंगळीच्या टोकाला लावलेला, आणि दोन्ही हातांच्या गाद्या शेजारी शेजारी, कडेने उजेड पाडून. सुकलेला भाग असा कडेच्या उजेडात लगेच दिसतो.

जे घरी मोजता येत नव्हतं ते फिजिओथेरपिस्टकडे जाऊन मोजून घेतलं. बोटाच्या टोकावर दोन टोकं एकाच वेळी टेकवतात आणि ती एक वाटतात की दोन, हे डोळे मिटून सांगायचं. सहा मिलिमीटरच्या आत ओळखता आलं तर चांगलं. माझ्या मधल्या बोटाला १० मिलिमीटर लागत होते, तर्जनीला ८, अंगठ्याला ७, करंगळीला ४. मुठीचा जोर आणि चिमटीचा जोर यंत्रावर मोजला. प्रत्येक पानावर तारीख घातली. पुढच्या भेटीत ही वही मॅडमना दाखवली. त्यांनी स्वतः अंगठ्याचा जोर तपासला आणि आपल्या नोंदीत लिहून घेतला. एवढ्याने ऑपरेशन जास्त सुरक्षित होत नाही हे मला माहीत होतं. पण नंतर काही झालंच तर काय जुनं आणि काय नवं, हे आता सांगता येणार होतं.

संमतीपत्र मी ऑपरेशनच्या सकाळी वाचायला नकार दिला, आणि हे प्रत्येकाने करावं असं मनापासून वाटतं. दोन दिवस आधी प्रत मागितली तर देतात. त्यात जंतुसंसर्ग, रक्तस्राव, व्रण दुखणं, नसेला किंवा रक्तवाहिनीला इजा, त्रास न जाणं, पुन्हा होणं, आणि हात फार काळ दुखत-सुजत राहण्याचा एक दुर्मीळ विकार, असं सगळं असतं. एकदम वाचलं की छाती धडधडते. मी प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने लिहिलं: असं झालं तर कसं कळेल, कोणाला फोन करायचा. रिकाम्या राहिलेल्या जागा मॅडमकडून भरून घेतल्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

१६ जानेवारीला सकाळी पोहोचले. नुसती स्थानिक भूल होती, त्यामुळे उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. अंगठी घरी काढून ठेवली होती. मॅडमनी येऊन उजव्या मनगटावर स्वतः खूण केली आणि मला वाचून दाखवायला लावलं. भुलीची पहिली टोच झोंबली. पुढचं औषध त्या अगदी सावकाश सोडत होत्या आणि मधून मधून विचारत होत्या, बोटात करंट गेला का. जागेपणीच्या भुलीचा हा फायदा मला फार मोलाचा वाटला: सुई नसेजवळ गेली तर सांगायला मी शुद्धीवर होते. मग जवळपास अर्धा तास नुसतं पडून राहायचं. ॲड्रिनालिनचा असर पूर्ण व्हायला तेवढा वेळ लागतो. तळहात पांढरा पडत जातो, घाबरू नका.

प्रत्यक्ष काम गप्पांत संपलं. दुखलं काहीच नाही, दाब आणि ओढ जाणवत होती. पट्टा कापताना मॅडम बोलायच्या थांबल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ताई, तुमची अंगठ्याची शाखा नेहमीच्या जागीच आहे. दिसली मला. हात लावला नाही तिला." मी डोळे मिटून घेतले. इतके महिने ज्या रेघेची भीती बाळगली, ती कुणीतरी डोळ्यांनी बघितली होती. ऑपरेशनच्या नोंदीत हे वाक्य लिहाल का, असं मी तिथेच विचारलं आणि त्यांनी लिहिलं. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत प्रत्येकाने मागून घ्यावी. डिस्चार्जच्या कागदात ती सहसा नसते.

दुपारी घरी आले. बोटं पूर्ण बधिर, अंगठा उचलत नव्हता. भूल असताना नसेला काही झालंय की नाही हे कळूच शकत नाही, आणि ते तास अवघड जातात. कुठलं औषध टोचलंय आणि असर साधारण केव्हापर्यंत राहील, हे निघताना लिहून घेतलं होतं. लांब टिकणारी भूल असेल तर दुसऱ्या सकाळपर्यंतही जाण येत नाही. माझी रात्री परत यायला लागली. आधी करंगळी, मग अंगठा. अंगठा छताकडे उचलला तेव्हा मी मुलीला उठवून दाखवलं. हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवला होता, आणि त्या रात्री मुंग्यांनी जाग आली नाही. कितीतरी महिन्यांनी.

घरी देताना सांगितलेल्या धोक्याच्या खुणा अशा: वेदना कमी न होता वाढतच जाणं, बोटं निळसर किंवा पांढरी पडणं, बोट दुसऱ्याने सरळ केलं तर असह्य दुखणं, ताप, पू, आणि भूल उतरल्यावरही अंगठा न उचलणं किंवा आधी चांगली असलेली जागा पूर्ण बधिर होणं. शेवटची खूण ओळखायची तर आधीची स्थिती माहीत असावी लागते.

दोन दिवसांनी मला नेमकी तशी जागा सापडली. पट्टीच्या कडेला, तळहाताच्या बुडाशी अंगठ्याच्या बाजूला, एक रुपयाएवढा भाग बधिर आणि चुरचुरणारा. वही उघडली. डिसेंबरच्या पानावर तीच जागा "पूर्ण चांगली" होती. म्हणजे हे नवं होतं. पोटात गोळा आला, पण फोनवर मी रडत बसले नाही, कारण माझ्याकडे सांगायला नेमकी गोष्ट होती: ही जागा, ही तारीख, आधी असं नव्हतं, अंगठा उचलतो, बोटांचा बधिरपणा वाढलेला नाही. दुसऱ्या दिवशी लगेच बोलावलं. मॅडमनी वही बघितली, त्या जागेवर आणि मनगटाच्या वरच्या बाजूला टिचक्या मारल्या. झणका कुठेच उठला नाही. कातडीच्या त्या वरच्या शाखेला ताण किंवा सूज आली असावी, ती कापल्याची खूण दिसत नाही, आठवड्याला एकदा मोजत राहू, असं ठरलं. वाढलं किंवा टोचल्यासारख्या कळा सुरू झाल्या तर सोनोग्राफी करून नस बघायची, हेही ठरवून टाकलं. त्यामुळे थांबणं सोपं गेलं.

जानेवारीच्या शेवटी टाके निघाले. त्यानंतर व्रणावर रोज मालिश, बोटं पूर्ण मिटणं आणि उघडणं, आणि नस बोगद्यात मोकळी सरकावी म्हणून शिकवलेले हलके व्यायाम. ते ओढून ताणून करायचे नसतात. मुंग्या आल्या की थांबायचं. फेब्रुवारीत तळहाताच्या दोन्ही कडांना, व्रणाच्या आजूबाजूला, टेकलं की जीव जाईल असं दुखायचं. खुर्चीवरून हातावर भार देऊन उठता येत नव्हतं. हे नसेचं दुखणं नाही, पट्टा कापल्यावर त्याच्या दोन्ही टोकांशी होणारं दुखणं आहे आणि खूप जणांना होतं. सांगितलेलं नसेल तर काहीतरी बिघडलं असंच वाटतं. मुठीचा जोरही आधी ऑपरेशनपूर्वीपेक्षा कमी होतो आणि मग काही महिन्यांत परततो. मी फेब्रुवारीच्या मध्यावर मशीनवर बसायला लागले, हाताची सुई मार्चमध्ये धरली, तीही थोडा थोडा वेळ.

तो रुपयाएवढा भाग वहीत आठवड्याला लहान होत गेला. मार्चच्या मध्यापर्यंत नुसती कड चुरचुरायची, अखेरीस तीही थांबली. पहिल्या प्रकारची इजा म्हणतात ती हीच असावी.

दाव्याचे पैसे मार्चमध्ये मिळाले. फिजिओथेरपीची बिलं वेगळी मागितली, सोबत डॉक्टरांची शिफारस हवी होती आणि ती मागाहून जुनी तारीख घालून दिलेली चालली नाही. ही शिफारस टाके काढण्याच्या दिवशीच लिहून घ्या.

त्या ताईंना मी वहीचा नमुना दिला. आता उशीर झालाय, असं त्या म्हणत होत्या. पण त्या एका हाताच्या सर्जनकडे गेल्या, नव्याने ईएमजी झाली आणि दुसऱ्या टेंडनला वळवून अंगठ्याची हालचाल परत मिळवता येते असं त्यांना कळलं. त्यांचं अजून ठरत नाहीये.

गेल्या आठवड्यात माझी मोजणी झाली. अंगठा ५ मिलिमीटर, तर्जनी ५, मधलं बोट ७. मधल्या बोटाचं टोक अजून मंद आहे. मनगटापासून तिथपर्यंत सतरा-अठरा सेंटीमीटरचं अंतर आहे आणि दिवसाला मिलिमीटरच्या हिशोबाने जुलै-ऑगस्ट उजाडेल, कदाचित पूर्ण येणारही नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. नस बराच काळ दाबलेली होती. एनसीव्ही आता पुन्हा करायची नाही, कारण बरं वाटत असलं तरी आकडे मागेच राहू शकतात. त्रास परतला तरच करायची. डाव्या हाताला सौम्य सुरुवात आहे. रात्री स्प्लिंट चालू आहे, आणि वहीत डाव्या हाताचं पहिलं पान २० एप्रिलला भरलंय.